मैवंदचा क्लास्प नसतो: क्यू ते सॉल्सबरी, सात दिवस

२७ जुलै १८८० रोजी कंदाहारच्या पश्चिमेला मैवंदच्या मैदानात अयुब खानाच्या फौजेनं ब्रिगेडियर जनरल जॉर्ज बरोज यांची ब्रिगेड मोडून काढली. सुमारे अडीच हजारांतले नऊशेहून अधिक मारले गेले. गोरी पायदळ पलटण एकच होती, ६६वी (बर्कशायर). सोबत रॉयल हॉर्स आर्टिलरीची ई/बी बॅटरी. बाकी बहुतेक सगळी बॉम्बे आर्मी, म्हणजे मुंबई इलाख्याची फौज: पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स, ३०वी ‘जेकब्स रायफल्स’, तिसरी बॉम्बे लाइट कॅव्हलरी, तिसरी सिंध हॉर्स आणि बॉम्बे सॅपर्सची तुकडी.

पुढच्या वर्षी या युद्धाचं, म्हणजे दुसऱ्या अफगाण युद्धाचं, पदक मंजूर झालं. त्यावर लावायचे क्लास्प, म्हणजे लढाईचं नाव असलेल्या धातूच्या पट्ट्या, सहा: अली मस्जिद, पैवार कोतल, चारासिया, अहमद खेल, काबूल, कंदाहार. यात मैवंद नाही. त्यामुळे मैवंदला पडलेल्या शिपायाचं पदक आणि सगळं युद्ध पिछाडीच्या छावणीत रसद मोजत काढलेल्याचं पदक समोरासमोर ठेवलं तर दोन्ही सारखीच बोडकी. फरक कागदांत सापडतो, आणि या सात दिवसांचा प्रश्न तेवढाच: पदकाच्या कडेवर ज्याचं नाव आहे तो त्या दिवशी तिथे होता का?

दिवसांचा क्रम बंद दारं पाहून लावलेला आहे. लंडनजवळच्या क्यूमधलं नॅशनल आर्काइव्हज रविवारी आणि सोमवारी बंद असतं. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सातपर्यंत उघडं. म्हणून सुरुवात मंगळवारी.

मंगळवार, क्यू

डिस्ट्रिक्ट लाइननं क्यू गार्डन्स स्टेशन, तिथून दहा मिनिटं पायी. मूळ कागद हाताळायचे तर रीडर्स तिकीट लागतं. त्याची नोंदणी निघण्यापूर्वी ऑनलाइन करावी आणि ओळखीचा व पत्त्याचा असे दोन वेगळे पुरावे सोबत ठेवावेत. भारतातून जाणारे पासपोर्ट नेतात आणि पत्त्याचा कागद विसरतात. वाचनगृहात पेन चालत नाही, फक्त शिसपेन्सिल. लॅपटॉप आणि फोन चालतात, आपल्या फोननं फोटो काढायला पैसे पडत नाहीत. बॅग लॉकरमध्ये, आत न्यायचं सामान पारदर्शक पिशवीत.

पहिलं काम मेडल रोलचं, म्हणजे पदक मिळालेल्यांच्या याद्यांचं. मालिका डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) १००. हे रोल पडद्यावरच पाहायचे असतात, आणि एरवी पैसे भरून पाहावी लागणारी वंशावळीची संकेतस्थळं इथल्या संगणकांवर फुकट दिसतात. अफगाण युद्धाच्या रोलमध्ये पलटणीवार क्रमांक, हुद्दा, नाव, क्लास्पचे रकाने आणि शेवटी शेरा. घाईत असलेला माणूस नाव सापडलं की फोटो काढून उठतो. तसं करू नये. शेऱ्याच्या रकान्यात ‘मारला गेला’ आणि तारीख असू शकते. शिवाय आधीची-नंतरची दोन-दोन पानंही टिपून घ्यावीत, कारण लेखनिकानं एखादी खूण किंवा ‘वरीलप्रमाणे’ पानाच्या सुरुवातीला एकदाच लिहिलेलं असतं.

आता ६६व्या पलटणीची खास गोम. पलटण एका जागी नव्हती. तिच्या दोन कंपन्या कलात-ए-गिलझईच्या किल्ल्यात होत्या. काबूलहून कंदाहारच्या मदतीला निघालेल्या जनरल रॉबर्ट्स यांनी २३ ऑगस्टला ती शिबंदी सोबत घेतली. ही कूच करणाऱ्यांना अफगाण पदकाशिवाय ‘काबूल ते कंदाहार’ हा काशाचा तारा मिळाला, आणि कलातपासून चाललेल्यांनाही तो मिळाला. तेव्हा ६६व्याच्या माणसाची जोडी समोर आली, पदक आणि तारा, तर विक्रेता कितीही रंगवून सांगो, तो माणूस २७ जुलैला मैवंदला नव्हता. तो कलातला होता. दोन नग एकत्र असले की भाव वाढतो हा सर्वसाधारण नियम, पण या पलटणीत तोच दुसरा नग मैवंदचा दावा खोडून काढतो.

फक्त कंदाहारचा क्लास्प असेल तर एवढंच कळतं की १ सप्टेंबर १८८०च्या लढाईत किंवा आदल्या दिवशीच्या टेहळणीत माणूस होता. मैवंदहून जीव वाचवून कंदाहारात पोचलेलाही त्यात असू शकतो आणि मुळात कंदाहारातच राहिलेलाही. क्लास्पच नसेल तर शक्यता अनेक. म्हणून उद्याचे बाड आजच मागवून ठेवायचे.

बुधवार, क्यू

आजचा दिवस मस्टर रोलचा, म्हणजे हजेरी आणि पगारपत्रकांचा. १८७८ पर्यंतचे डब्ल्यूओ १२मध्ये, त्यापुढचे डब्ल्यूओ १६मध्ये. हे मूळ स्वरूपातच पाहायचे: जाड, जड बाइंडिंगचे ग्रंथ, मागवल्यापासून तासाभरात येतात. खाली फोमचे आधार ठेवून उघडायचे, पान दाबून सपाट करायचं नाही. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि प्रत्येक तिमाहीला नवी यादी. आपल्याला हव्यात दोन तिमाह्या: एप्रिल-जून १८८० आणि जुलै-सप्टेंबर १८८०. पहिलीत माणूस कुठे होता ते पाहायचं, दुसरीत त्याचं काय झालं.

शोधताना तीन ठिकाणी पाय अडकतो.

पहिलं, नाव बदलतं. १ जुलै १८८१ रोजी ६६वी आणि ४९वी पलटण मिळून बर्कशायर रेजिमेंट झाली. त्यानंतरचे मस्टर ‘६६’ या आकड्याखाली शोधून सापडत नाहीत. दुसरी बटालियन, बर्कशायर रेजिमेंट असं शोधावं लागतं.

दुसरं, क्रमांक. १८७३ नंतर भरती झालेल्यांना ब्रिगेड डेपोचे क्रमांक मिळत: ब्रिगेडचा आकडा, पुढे ‘बी’ आणि मग शिपायाचा क्रमांक. पदकाच्या कडेवर कधी हे सगळं कोरलेलं असतं, कधी पुढचा भाग गाळून. त्यामुळे एकाच पलटणीत एकाच क्रमांकाची दोन माणसं भेटू शकतात, एक जुन्या पद्धतीचा आणि एक ब्रिगेडचा. क्रमांक आणि नाव दोन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. जॉन स्मिथ असेल तर दोन्ही जुळले तरी पुन्हा पाहावं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक तिमाहीच्या शेवटी ‘नॉन-इफेक्टिव्ह’ झालेल्यांची, म्हणजे मेलेल्या, सुटलेल्या, पळालेल्यांची वेगळी यादी असते. तिथे जन्मठिकाण, मूळ धंदा, भरतीची तारीख मिळू शकते. लढाईत पडलेल्या शिपायासाठी ही यादी म्हणजे जवळजवळ एकमेव आधार, आणि त्याचं कारण उद्यासाठी ठेवलेल्या मालिकेत आहे.

गुरुवार, क्यू, संध्याकाळी सातपर्यंत

डब्ल्यूओ ९७ म्हणजे शिपायांची सेवामुक्तीची कागदपत्रं. संग्राहकांची ही सर्वांत लाडकी मालिका, कारण यात उंची, डोळ्यांचा रंग, जखमा, शिक्षा, बायकोचं नाव, राहायला जाणार ते गाव, सगळं असतं. पण १८८२ पर्यंत या मालिकेत मुख्यतः पेन्शन घेऊन सुटलेल्यांचेच कागद ठेवले गेले. १८८३ पासून मुदत संपून किंवा पैसे भरून सुटलेल्यांचेही राहिले. नोकरीत असताना मेलेल्याचे कागद यात नसतातच. म्हणजे ज्याच्या पदकासाठी सर्वांत जास्त पैसे मोजले जातात, त्या मैवंदला पडलेल्या माणसाची डब्ल्यूओ ९७मध्ये फाइल सापडणार नाही, आणि सापडली तर तो दुसराच कोणी आहे. ‘सेवेच्या कागदांसह’ अशा वर्णनाचं एखादं ‘मैवंदला मृत’ पदक दिसलं, तर आधी ते कागद कोणाचे ते पाहावं.

वाचलेल्यांसाठी ही मालिका खजिनाच आहे. ‘मोहिमा’ आणि ‘पदके’ हे रकाने पाहून रोलशी ताळा घ्यायचा. जखमेची नोंद वैद्यकीय पानावर निराळी असते, ती पहिल्या पानावर नसली म्हणून माणूस जखमी झाला नव्हता असं धरू नये.

बायको-मुलांसाठी एक वाट थेट मुंबईकडे जाते. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी इंडिया ऑफिसच्या, म्हणजे लंडनमधल्या हिंदुस्थान खात्याच्या, कागदांत एन/३ या मालिकेत आहेत. एन/१ बंगालची आणि एन/२ मद्रासची. इलाख्यात छावणी असताना जन्मलेलं मूल इंग्लंडच्या नोंदवहीत शोधून हात हलवत परतणारे पुष्कळ.

शुक्रवार, ब्रिटिश लायब्ररी, सेंट पॅनक्रस

क्यू हे ब्रिटिश लष्कराचं दप्तर. बॉम्बे ग्रेनेडियर्सचा शिपाई शोधायचा तर इथे यावं लागतं. तिसऱ्या मजल्यावरचं एशियन अँड आफ्रिकन स्टडीज वाचनगृह, रीडर पास वेगळा, पुरावे तेच. इंडिया ऑफिसच्या लष्करी कागदांत एल/मिल/५ या मालिकेत हिंदी सैन्याचे मेडल रोल आहेत. ऑक्टोबर २०२३च्या सायबर हल्ल्यानं इथली यंत्रणा कोलमडली होती, तेव्हापासून हवं ते बाड त्याच दिवशी मिळेल असं धरून चालू नये. आठवडाभर आधी विचारून ठेवावं.

ग्रेनेडियर्सचे साडेतीनशेहून अधिक शिपाई मैवंदला पडले, जेकब्स रायफल्सचे दोनशेहून अधिक. संख्येनं ग्रेनेडियर्सचं नुकसान ६६व्याहून मोठं. पण कागद? क्रमांक, हुद्दा, नाव, क्लास्प. गाव नाही, बापाचं नाव नाही. शिपायाची वैयक्तिक कागदपत्रं पलटणीकडे राहत, लंडनला येत नसत. पुढे ग्रेनेडियर्सची परंपरा भारतीय सैन्याच्या द ग्रेनेडियर्सकडे आली, ज्यांचं केंद्र जबलपूरला आहे. जेकब्स रायफल्सची बलुच पलटणींतून पाकिस्तानच्या सैन्यात गेली. एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन पलटणींच्या वाटा आज अशा दोन देशांत आहेत.

इथे मराठी वाचकाला एक फायदा आहे, आणि तो खरोखर कामाला येतो. नावं इंग्रज लेखनिकानं कानानं ऐकून रोमन लिपीत उतरवलेली असतात. ‘राव’चं ‘रो’ होतं, ‘शिव’चं ‘स्यू’, ‘विठू’चं ‘इट्टू’. नावाच्या शेवटी ‘नाक’ आलं तर तो हुद्दा नव्हे, महार शिपायांच्या नावाचा भाग. कोरेगावच्या जयस्तंभावरची नावं पाहिलेल्याला हे सांगावं लागत नाही. लिलावाच्या यादीत मात्र ‘नाक’चा ‘नाईक’ होऊन शिपायाला फुकटची बढती मिळू शकते. नावापुढे ‘इस्रायल’ असेल तर तो कोकणातला बेने इस्रायली. ‘परदेशी’ म्हणजे विलायतेचा नव्हे, उत्तर हिंदुस्थानातून आलेला. बॉम्बे आर्मी म्हणजे सगळे मराठी असं समजू नये.

एक फाटा, पण सोडवत नाही. याच दप्तरखान्यात ज्याचे धागे सापडतात ते आर्मी ऑफ इंडिया पदक १८५१ मध्ये दिलं गेलं, १७९९ ते १८२६ मधल्या लढायांसाठी. त्याच्या क्लास्पवर किर्की, पूना, कोरेगाव, असई, आडगाव, गाविलगड अशी आपली गावं इंग्रजी वळणानं कोरलेली आहेत. अट एकच: १८५१ मध्ये माणूस हयात हवा. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला पडलेल्यांना त्यामुळे काहीच मिळालं नाही, आणि तेहतीस वर्षं जगून अर्ज करणारे हिंदी शिपाई थोडे. म्हणून ‘कोरेगाव’ क्लास्प दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकला भरपूर.

शनिवार, विक्रेते आणि लिलावपूर्व पाहणी

आज कागद बाजूला, हातात धातू. सोबत तीन वस्तू: दहापट भिंग, व्हर्नियर कॅलिपर, सुती हातमोजे. लिलावापूर्वी माल पाहायला ठेवतात, वेळ आधी ठरवून घ्यावी.

अफगाण पदक चांदीचं, व्यास ३६ मिलिमीटर. दर्शनी राणीचा चेहरा, मागे कूच करणारी पलटण आणि तोफ वाहणारा हत्ती. फीत हिरवी, दोन्ही कडांना रुंद किरमिजी पट्टे. ताऱ्याची फीत सप्तरंगी.

पहिली तपासणी कडेची. खोटं करण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे स्वस्त पदकावरचं नाव घासून ६६व्याच्या मृताचं नाव कोरणं. घासलं की धातू जातोच. म्हणून व्यास चार दिशांनी मोजायचा, नाव असलेल्या भागात दोन-तीन दशांश मिलिमीटरनं कमी भरला तर पदक खाली ठेवायचं. कड बोटाच्या नखानं चाचपावी, मध्ये खोलगट लागली तर तेच कारण. भिंगाखाली तिरप्या उजेडात जुन्या अक्षरांच्या पुसट खुणा दिसतात. मूळ कोरीव अक्षरांच्या खाचेत दीडशे वर्षांचा काळवंडलेला थर असतो. चकचकीत खाच संशयास्पद. अर्थात अतिउत्साही मालकानं पॉलिश केलेल्या अस्सल पदकातही खाच चकचकीत असते, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. त्याच पलटणीच्या खात्रीच्या पदकांचे कडेचे फोटो फोनमध्ये असले तर अक्षराचं वळण शेजारी ठेवून पाहता येतं. आमच्या मते हा एकच उपाय भिंग आणि कॅलिपर दोन्हींपेक्षा उपयोगी.

दुसरी तपासणी क्लास्पची. एका पदकावर चारपेक्षा जास्त क्लास्प कोणालाच मिळाले नाहीत, पाच दिसले तर पुढे बोलायचं कारण नाही. रिव्हेट पाहावेत: नवी तार, खरबरीत डोकं, राखाडी डाग म्हणजे नंतरची जोडणी. मग रोल पाहावा. रोलमध्ये नसलेला क्लास्प पदकावर असला तर पदक अस्सल आणि क्लास्प पाहुणा.

ओतीव नक्कल ओळखायला सोपी. ओतताना धातू आकसतो, त्यामुळे व्यास कमी भरतो, पृष्ठभागावर बारीक छिद्रं आणि हत्तीच्या सोंडेसारखे तपशील गुळगुळीत.

एक झीज मात्र चांगली समजावी. ताऱ्याची टोकं शेजारच्या पदकावर आपटून राणीच्या चेहऱ्यावर किंवा कडेवर खळगे पाडतात. जोडीतलं पदक खळगेदार आणि तारा टोकांना झिजलेला असेल तर दोन्ही एकत्र वापरले गेले असण्याचा तो पुरावा. तारा कंदाहारला हाती लागलेल्या तोफांच्या धातूचा; मागच्या बाजूला नाव असतं, गोऱ्यांचं ठशानं उठवलेलं, हिंदी शिपायांचं कोरलेलं.

पैशांचं थोडक्यात: हातोडी पडते त्या भावावर लिलावगृहाचा बायर्स प्रीमियम (खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन) आणि प्रीमियमवर व्हॅट. मनातल्या कमाल आकड्यातून हे आधीच वजा करून हात वर करावा. भारतात आणताना तपशीलवार पावती सोबत ठेवून विमानतळावर जाहीर करावं. उलट दिशेनं, म्हणजे चोरबाजारातून घेतलेलं पदक लंडनला विकायला नेणं, हा १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो: शंभर वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पदक उजळायला सिल्व्हर डिप वापरू नये. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये.

रविवार, रेडिंग

पॅडिंग्टनहून जलद गाडीनं अर्धा तास. स्टेशनपासून फॉर्बरी गार्डन्स चालत पाच-सात मिनिटं. मधोमध मैवंदचा सिंह: बिडाचा, ३१ फूट, वजन सुमारे १६ टन. शिल्पकार जॉर्ज ब्लॅकॉल सिमंड्स, अनावरण १८८६. सिंहाची पावलं चुकीची पडली म्हणून शिल्पकारानं जीव दिला ही गावगप्प; सिमंड्स १९२९ पर्यंत जगले.

चौथऱ्यावर ११ अधिकारी आणि ३१८ जवान, मिळून ३२९ नावं आहेत. इथेच सर्वांत जास्त चुका होतात. लेख नीट वाचला तर तो गिरिश्क, मैवंद, कंदाहार आणि १८७९-८०ची सबंध मोहीम असं म्हणतो. म्हणजे छावणीत तापानं गेलेलाही या यादीत आहे. ‘सिंहावर नाव आहे’ आणि ‘मैवंदला पडला’ ही दोन वेगळी विधानं, आणि विक्रीच्या वर्णनात ती एकमेकांत सहज मिसळतात. नाव चौथऱ्यावर, शेरा रोलमध्ये आणि तारीख मस्टरमध्ये अशी तिन्ही हातात येतील तेव्हाच हो म्हणावं. फोटो सकाळी तिरप्या उजेडात काढावेत, दुपारी अक्षरं सपाट दिसतात.

बॉम्बे पलटणींची नावं इथे नाहीत. हे बर्कशायरचं स्मारक. कुलाब्याच्या अफगाण चर्चची आठवण येणाऱ्यांनी गल्लत करू नये, ते उभारलं गेलं पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांसाठी.

सोमवार, सॉल्सबरी

वॉटर्लूहून सुमारे दीड तास. कथीड्रलच्या आवारात, ‘द वॉर्डरोब’ नावाच्या जुन्या वास्तूत, द रायफल्स बर्कशायर अँड विल्टशायर म्युझियम आहे. उघडण्याचे दिवस हंगामानुसार बदलतात, निघण्याच्या आदल्या दिवशी पाहून घ्यावं.

इथे काचेमागे बॉबी आहे. ६६व्याच्या लान्स सार्जंट पीटर केली यांचा हा पांढरा गावठी कुत्रा मैवंदला जखमी होऊन वाचला आणि इंग्लंडला पोचला. ऑगस्ट १८८१ मध्ये ऑस्बोर्न हाउसला खुद्द राणीनं त्याच्या गळ्यात अफगाण पदक घातलं. पुढच्या वर्षी गॉस्पोर्टला घोडागाडीखाली सापडून तो मेला आणि पेंढा भरून ठेवला गेला.

पदकांच्या कपाटांपुढे वेळ द्यावा: इथली ६६व्याची पदकं म्हणजे कडेवरच्या अक्षरांचा खात्रीचा नमुना. कड काचेतून दिसत नाही. अभ्यासासाठी बाहेर काढून दाखवायची विनंती असेल तर पदकाचा क्रमांक आणि नाव देऊन काही आठवडे आधी लिहावं. बॉबी कधीही दिसतो. मैवंदला तो नक्की होता, आणि त्याच्या पदकालाही मैवंदचा क्लास्प मिळाला नाही.